सरड्याची साक्ष : हिंगोलीच्या माळरानाविषयी पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला, पण त्याच्या जमिनीचे दोन स्वभाव या प्रशासकीय सीमेहून फार जुने आहेत. वसमतच्या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, खोल, हळद पिकवणारी जमीन आहे. तर सेनगाव, औंढा आणि कळमनुरी या तालुक्यांत अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे उतरत आलेले फाटे, त्यांच्या उतारांवरचा मुरूम आणि त्या मुरमावर जेमतेम वीतभर मातीत तग धरणारे कुसळी, पवन्या व मारवेल यांचे गवत आहे. या दुसऱ्या प्रकारच्या जमिनीवर झाडे लावून तिचे जंगल करावे, की ती माळ म्हणूनच राखावी, हा प्रश्न महाराष्ट्रात वरचेवर उपस्थित होतो आणि बहुतेक वेळा खड्डे खणून झाल्यावर उपस्थित होतो. भारतीय शास्त्रग्रंथांत विरोधी मत आधी पूर्वपक्ष म्हणून त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावे आणि नंतरच उत्तरपक्षाकडे वळावे, अशी शिस्त आहे. तीच येथे स्वीकारली असून पूर्वपक्षाने वृक्षारोपणाची आणि उत्तरपक्षाने माळरानाची बाजू घेतली आहे.

या वादात साक्षीदार म्हणून एका लहान सरड्याला बोलवावे लागते, म्हणून त्याची ओळख आधी करून देणे आवश्यक आहे. अमेरिका खंडांच्या उष्ण प्रदेशांत टेइइडी नावाच्या कुळातील लांब शेपटीचे, सतत धावत भक्ष्य शोधणारे सरडे राहतात. चाबकासारख्या शेपटीमुळे त्यांना व्हिपटेल म्हणतात, आणि त्यांचाच आप्त असलेला अमेइव्हा अमेइव्हा हा सरडा मध्य अमेरिकेपासून अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत पसरलेला आहे. (कूळ म्हणजे एकमेकांशी नाते असलेल्या प्रजातींचा समूह, आणि प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा समूह, असा क्रम येथे गृहीत धरला आहे.) भारतात टेइइडी कूळ नाही, परंतु त्याचे युरोप, आशिया व आफ्रिका खंडांतील नातलग असलेले लॅसर्टिडी कूळ आहे, आणि या कुळातील ऑफिसॉप्स ही प्रजाती दख्खनच्या कोरड्या, दगडाळ, उघड्या जमिनीवर आढळते. तिच्या डोळ्याची पापणी हलत नाही. ती पारदर्शक होऊन सापाच्या डोळ्याप्रमाणे बुबुळावर कायमची बसलेली असते, म्हणून पुढे तिला सर्पनेत्री सरडा असे म्हटले आहे. कुंपणावर बसून मान हलवणारा परिचित सरडा वेगळ्या कुळातला; सर्पनेत्री त्याहून पुष्कळ बारीक, करड्या-तपकिरी रंगाचा, बाजूंनी फिकट पट्टे असलेला आणि गवताच्या दोन ठोंबांमधून क्षणात दिसेनासा होणारा आहे. टेइइडी आणि लॅसर्टिडी ही दोन कुळे आज समुद्रांनी विभागलेली असली तरी दोन्हींतील बहुसंख्य सरडे सूर्यतापी आहेत, म्हणजे ते उन्हात अंग तापवून मगच कामाला लागतात. 

पूर्वपक्ष : हिंगोली जिल्ह्यात वर्षाला साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसावर साग, पळस, धावडा यांचे पानगळीचे जंगल उभे राहू शकते, आणि कळमनुरीच्या बाजूच्या टेकड्यांवर साग आजही आहे. जेथे जंगल होऊ शकते तेथे केवळ गवत दिसत असेल, तर मधल्या काळात कुऱ्हाड, गुरे आणि वणवा यांनी ते जंगल खाल्ले, असाच निष्कर्ष निघतो. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली केलेल्या वनप्रकारांच्या वर्गीकरणात, जे भारतीय वनखात्याचा आजही आधार आहे, कोरड्या प्रदेशातील गवताळ जमिनीला ऱ्हासाची अवस्था म्हणूनच स्थान दिलेले आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे लावण्याची उद्दिष्टे ठेवली, ती याच समजावर उभी होती. उघड्या उतारावरची माती प्रत्येक पावसाळ्यात कयाधू नदीत वाहून जाताना पाहणाऱ्या माणसाला झाडाचे महत्त्व कोणी पटवून द्यावे लागत नाही, हेही आपण ध्यानात घ्यावे.

उत्तरपक्ष : मातीच्या धुपेविषयी दुमत नाही, परंतु माती धरून ठेवण्याचे काम बारमाही गवताची मुळे करतात, आणि खड्डे खणताना पहिला घाव त्याच मुळांवर पडतो. पावसाचा आकडा पाहून जंगल ठरवता येत नाही. जमीन किती खोल आहे, तिच्याखालचा बेसॉल्ट पाणी किती धरतो, आठ महिन्यांच्या कोरड्या काळात रोप कशावर जगेल, चरणारे प्राणी आणि अधूनमधून लागणारी आग यांचा इतिहास काय आहे, या सर्वांचा हिशेब त्यात येतो. गवत आणि विरळ झाडे यांचा जो प्रदेश शास्त्रात सॅव्हाना म्हणून ओळखला जातो, तो जंगलाचे अवशेष नसून स्वतंत्र परिसंस्था असू शकतो. माळ माणसाने निर्माण केला की माणसाच्या आधीपासून होता, हे ठरवण्यासाठी माणसाच्या स्मरणावर अवलंबून नसलेला पुरावा हवा, आणि तो सर्पनेत्री सरड्याच्या जनुकांत सापडतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रातील ईशान अगरवाल आणि उमा रामकृष्णन यांनी २०१७ साली या प्रजातीचा वंशवृक्ष प्रसिद्ध केला. डीएनएमधील फरक मोजून कोणत्या शाखा कधी वेगळ्या झाल्या याचा अंदाज बांधणे, अशी ही पद्धत आहे. तोवर भारतात या सरड्याच्या मोजक्याच जाती मानल्या जात होत्या. या अभ्यासात त्या संख्येच्या कित्येक पट वेगवेगळे वंश आढळले, ते लक्षावधी वर्षे एकमेकांपासून अलग होते, आणि उघड्या जमिनीशी बांधलेल्या या सरड्यांचे वैविध्य भारतातील गवताळ प्रदेशांच्या प्राचीनतेला पुष्टी देते, असा निष्कर्ष त्या दोघांनी काढला.

पूर्वपक्षाने यावर घेतलेली हरकत या वादातील सर्वांत तीक्ष्ण हरकत आहे, आणि उत्तरपक्षाचे लोक तिला पुरेसा मान देत नाहीत, असे नमूद करणे भाग आहे.

पूर्वपक्ष : सरडा उन्हाचा भुकेला आहे, एवढ्यावरून ते ऊन तेथे प्राचीन काळापासून आहे असे सिद्ध होत नाही. आरंभी ज्या अमेइव्हाची नातलग म्हणून ओळख करून दिली, त्याचेच उदाहरण घ्यावे. त्याचे शरीर ३७-३८ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय तो नीट धावू शकत नाही, त्यामुळे ॲमेझॉनच्या गर्द सावलीत त्याला फारशी जागा नसते; परंतु एखादे मोठे झाड कोसळले किंवा तोडले की उन्हाचा जो कवडसा जमिनीवर पडतो, त्यातून तो आत शिरतो. लॉरी व्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हेच दाखवले, की निवडक वृक्षतोडीनेही जंगलाच्या तळाचे तापमान बदलते आणि त्याचा लाभ सूर्यतापी, मोठ्या सरड्यांना होतो. म्हणजे तेथे हा सरडा तोडलेल्या जंगलाची खूण ठरतो. मग दख्खनच्या माळावरचा त्याचा नातलग मात्र न तोडलेल्या, मूळच्या माळाची खूण कसा ठरतो?

उत्तरपक्ष : हरकत योग्य आहे, आणि तिचे उत्तर देताना एक भेद सांभाळावा लागतो. एखाद्या ठिकाणी सरडा असणे हा एक पुरावा, आणि एका प्रदेशात सरड्याच्या अनेक जाती त्याच प्रदेशात उत्पन्न झालेल्या असणे हा दुसरा. अमेइव्हा हा विस्तीर्ण प्रदेशात पसरलेला, उघडी जागा मिळताच ती व्यापणारा प्राणी आहे. तो काल पडलेल्या कवडशातही आज येऊ शकतो, म्हणून त्याच्या उपस्थितीवरून जागेचे वय कळत नाही. भारतातील सर्पनेत्रीचे वंश मात्र आपापल्या प्रदेशांपुरते मर्यादित आहेत आणि त्यांना एकमेकांपासून वेगळे व्हायला लक्षावधी वर्षे लागलेली आहेत. तेवढा काळ उघडी, उन्हाची जमीन सलग उपलब्ध नसती, तर हे वेगळेपण घडले कोठे असते? महाराष्ट्रातील दख्खनमध्ये शेतीच्या वस्त्या चार-साडेचार हजार वर्षांहून जुन्या नाहीत. दायमाबाद किंवा इनामगाव या त्या काळच्या वस्त्यांतील शेतकऱ्यांनी कितीही झाडे तोडली असे मानले, तरी त्यांच्या कुऱ्हाडीतून सरड्याच्या नव्या जाती निपजणे कालगणनेत बसत नाही. शिवालिक टेकड्यांतील प्राचीन मातीचा अभ्यासही साधारण ७०-८० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे मायोसीन नावाच्या कालखंडाच्या उत्तरार्धात, कडक उन्हात व कमी पाण्यात वाढणारी गवते भारतीय उपखंडात मोठ्या प्रमाणावर पसरल्याचे सांगतो.

येथे उत्तरपक्षाचा युक्तिवाद मान्य करावा लागतो. परंतु तो किती सिद्ध करतो आणि किती करत नाही, हे पाहिले पाहिजे. वंशवृक्ष संपूर्ण उपखंडाबद्दल बोलतो, सर्व्हे नंबराबद्दल नाही. दख्खनमध्ये गवताळ प्रदेश प्राचीन आहेत एवढे त्यातून ठरते, पण सेनगाव तालुक्यातील अमुक टेकडीवर दोनशे वर्षांपूर्वी साग होता की गवत, हे त्यातून ठरत नाही. पूर्वपक्षाने नेमके हेच विचारले, आणि उत्तरपक्षाने येथे काही अंतर माघार घेतली, जे त्याच्या बाजूने उचित होते.

उत्तरपक्ष : काही उतार खरोखरच तोडलेले जंगल आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. जेथे सागाचे जुने बुडखे अजून फुटवे देतात आणि खोल मातीत पळसाची दाटी होते, तेथे झाडांना केवळ संरक्षण दिले तरी ती परत येतात, आणि त्यांना येऊ द्यावे. पण जेथे माती उथळ आहे, बारमाही गवते जुनी आहेत, जमिनीखाली कंद असलेल्या वनस्पती पहिल्या पावसाबरोबर वर येतात आणि झाडे मुळातच विरळ व खुजी आहेत, ती जागा जंगलाच्या वाटेवर थांबलेली नाही. जुन्या मराठी वाङ्मयाची साक्षही या बाजूस आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम महाराष्ट्राशी संबंधित जुन्या मराठी रचनांमधील व लोकपरंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासले, तेव्हा तेराव्या शतकापासूनच्या त्या उल्लेखांत घनदाट जंगलाच्या झाडांपेक्षा बाभूळ-पळसासारख्या उघड्या, गवताळ प्रदेशातील वनस्पतींचे प्राबल्य दिसले.

हा अभ्यास पश्चिम महाराष्ट्राचा आहे, मराठवाड्याचा नव्हे. तरीही ज्या भूमीत नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूजले जाते आणि ज्या भूमीतून त्या शतकांतील वारकरी व महानुभाव पायी फिरले, तेथेही असा शोध घेता येईल आणि तो घेतला जावा, अशी अपेक्षा बाळगणे रास्त आहे.

पूर्वपक्ष : समजा माळ जुना आहे, तरी त्यावर काही उभारले तर सरड्याचे एवढे काय बिघडते? झाडे नकोत, तर सौरपट्ट्या आहेत, पवनचक्क्या आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानाची जमीन सौर प्रकल्पांना दिली जात आहे, आणि दिवसा वीज मिळावी ही हिंगोलीच्या शेतकऱ्याची अनेक वर्षांची मागणी आहे. औंढा नागनाथजवळ चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर तर पवनचक्क्यांखाली सरडे वाढल्याचे आपल्याच बाजूचे संशोधक सांगतात.

उत्तरपक्ष : वाढले हे खरे आहे, आणि ते कसे वाढले हेही सांगितले पाहिजे. चाळकेवाडीचा सरडा सर्पनेत्री नव्हे. तो ‘सरडा’ असेच शास्त्रीय नाव असलेल्या, २०१६ साली शास्त्रात नव्याने मांडल्या गेलेल्या प्रजातीतला, विणीच्या काळात गळ्याची निळी-काळी-नारिंगी पिशवी पंख्यासारखी उघडणारा सरडा सुपर्बा होय. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा त्यावरील अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी झाले होते, आणि सरड्यांना खाणारेच उरले नाहीत म्हणून सरड्यांची संख्या वाढली होती. परंतु त्या वाढलेल्या सरड्यांची शरीरे तुलनेने कृश होती, नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले होते, माणूस बराच जवळ आला तरी ते पळत नव्हते, आणि संकटाच्या वेळी रक्तात वाढणारे ताणसंप्रेरक त्यांच्यात कमी वाढत होते. संख्या वाढली म्हणून परिसंस्था सुखरूप आहे, हा निष्कर्ष तेथे चुकला. झाडांच्या बाबतीत तर संख्याही वाढणार नाही, कारण लावणीसाठी बाहेरून आणलेल्या गिरिपुष्प या झाडाच्या दाट ओळींची सावली जमिनीवर पडू लागली की सूर्यतापी सरड्याला सकाळी अंग तापवायला आणि अंडी घालायला उबदार उघडी जमीन उरत नाही. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी २०२२ साली तयार केलेल्या नकाशानुसार देशात अशा उघड्या नैसर्गिक परिसंस्था तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे भूभागाच्या सुमारे दहा टक्के आहेत, आणि त्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी क्षेत्राला संरक्षण आहे. वाघाच्या जंगलाला जे सहज मिळते ते माळाला मागूनही मिळालेले नाही.

इथपर्यंतचा संवाद सरडा, गवत आणि झाड यांच्यात झाला. त्यात माणूस आला तो चारा मागणारा किंवा वीज मागणारा म्हणून. परंतु मराठवाड्यातील गायरानाचा इतिहास जाणणाऱ्या कोणालाही हा संवाद अपुरा वाटेल, कारण या जमिनीवर तिसरा हक्कदार अनेक दशके उभा आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत पडीक सरकारी जमीन कसणाऱ्या दलितांच्या नावे करावी ही मागणी होती. पुढे एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने मराठवाड्यात गायरानाचा लढा गावोगावी नेला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची अतिक्रमणे अटींसह नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला, तरी अनेक कुटुंबांच्या हाती सातबारा आला नाही, आणि २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या तेव्हा तीच कुटुंबे पुन्हा अतिक्रमक ठरली. अशा कुटुंबाने दोन पिढ्या दगड वेचून ज्वारी-तुरीखाली आणलेला एकर कोणाचा, या प्रश्नाला पूर्वपक्षाचे रोप उत्तर देत नाही आणि उत्तरपक्षाचा सरडाही देत नाही. उलट, माळाच्या प्राचीनतेचा शास्त्रीय पुरावा भूमिहीनाला हुसकावण्यासाठी वापरला गेला, तर तो पुराव्याचा गैरवापर होईल. लॅसर्टिडी कुळाच्या वंशवृक्षातून मालकी हक्क निघत नाही. दोन्ही पक्षांपुढे ही गोष्ट ठेवली असता पूर्वपक्षाने वनखात्याच्या लावणीसाठी कसलेली जमीन घेतली जाऊ नये हे मान्य केले, आणि उत्तरपक्षाने माळाच्या संरक्षणातूनही ती वगळावी हे मान्य केले. दोघांचे एवढ्या पूर्णपणे जुळले असे या वादात दुसरे स्थळ नाही. मेंढ्या घेऊन माळावर हिंडणाऱ्या हटकर-धनगरांच्या वाटाही अशाच वगळाव्यात, कारण चराई पूर्ण बंद केलेल्या गवताची गर्दी वाढून सरड्याला लागणारी मोकळी जमीनही हळूहळू बुजते.

उरलेला वाद मग बराच लहान होतो, पण तो संपत नाही.

पूर्वपक्ष : रोपे जून-जुलैत लागतात आणि खड्डे मे महिन्यात खणले जातात. प्रत्येक टेकडीसाठी संशोधक बोलवायचा ठरवला, तर एकही खड्डा वेळेवर होणार नाही.

उत्तरपक्ष : संशोधक प्रत्येक टेकडीवर येण्याची गरज नाही. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्यानुसार गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या नोंदवहीत झाडे आणि पक्षी लिहिले जातात, सरडे बहुधा लिहिले जात नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये, सकाळी ऊन चढू लागल्यावर, मेंढपाळाबरोबर माळाची एक फेरी केली, मातीची खोली पहारीने चार ठिकाणी पाहिली, बुडखे आहेत की नाहीत ते पाहिले आणि धावणारे सरडे मोजले, तर खड्ड्यांचे काम सुरू होण्याच्या आत उत्तर हाती येते. एका वर्षाची मोजणी अपुरी आहे. पण आज एकही मोजणी नसताना काम सुरू होते, त्यापेक्षा ती बरी.

पूर्वपक्ष : बुडखे सापडले त्या उतारावर मात्र याच पावसाळ्यात काम सुरू व्हावे.

उत्तरपक्ष : व्हावे, आणि तेथे बाहेरून आणलेले गिरिपुष्प न लावता सागाचे फुटवे राखावेत.

पूर्वपक्षाने गिरिपुष्पाविषयीची ही अट स्वीकारली नाही. ते लवकर वाढते, गुरे त्याला तोंड लावत नाहीत आणि कमी निगराणीत जगते, ही कारणे त्याने पुन्हा मांडली, आणि ज्या खात्याला हजारो हेक्टरवर रोपे जगल्याचा हिशेब द्यायचा असतो त्याच्या दृष्टीने ती कारणे खरी आहेत. उत्तरपक्षाची हरकतही खरी आहे, कारण गुरे ज्याला तोंड लावत नाहीत ते गावाच्या चाऱ्यात भर घालत नाही आणि त्याच्या दाट सावलीखाली गवत तग धरत नाही. पहारीने तपासलेल्या चार ठिकाणी काय सापडते त्यानुसार औंढ्याच्या एका उतारावर पहिल्याचे म्हणणे लागू पडेल आणि शेजारच्या उतारावर दुसऱ्याचे.